छापलेली साक्ष

२५ फेब्रुवारी १९९८, बुधवार

स्वयंपाकघर धुरानं भरलं! गेल्या वर्षीच्या मिरवणुकीतल्या झावळ्या लोखंडी तव्यावर जाळल्या. आज राखेचा बुधवार, लोकांच्या कपाळाला लावायला राख कुठून तरी यायला हवी ना. मोठ्या चर्चमध्ये हे काम कोण करतं देव जाणे, आमच्या नेरूळच्या मंडळीत पाळकाची बायको करते. समोरच्या फ्लॅटमधली नंदिनी धावत आली, "काकू, काय जळतंय?" सांगितलं तर हसायला लागली. तिची आज महाशिवरात्र. "म्हणजे तुमचाही आजपासूनच उपास!" म्हणाली आणि साबुदाण्याची खिचडी ठेवून गेली. आमच्या उपासाला खिचडी चालते की नाही, कुणी लिहून ठेवलेलं नाही. खाल्ली.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये उपासना. हे चांगलं बोलले. म्हणाले, ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस म्हणजे आपल्या आत झाडू मारायचे दिवस. मी मनात म्हटलं, पास्टर, बाहेरचा झाडू मारून हात दुखतात, आतला कधी मारू? आणि माझ्या आत असून असून काय असणार! जीभ तिखट आहे, कबूल.

चर्चच्या वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलंय. आमच्या जानेवारीच्या पत्रकाचं कौतुक. "विशेषतः बंधू ज्योतिबा यांची नाताळची साक्ष हृदयाला भिडली." पत्रक मी लिहिते, खाली सही यांची. म्हणजे कौतुक माझंच, पण ते जाऊ दे.

इथं खरं लिहायला हरकत नाही. ज्योतिबानं दारू नाताळला सोडलेली नाही. चार वर्षं झाली. साताऱ्याकडे होता तेव्हा, सख्खा भाऊ दारूनं गेला त्या दिवशी सोडली. आमच्या घरच्या सभेत तो उभा राहून तसंच बोलला. आम्ही सहा-सात बायका होतो, हे तापानं आतल्या खोलीत. पण चार वर्षांपूर्वी साताऱ्यात सुटलेल्या दारूचं आमच्या मंडळीला काय श्रेय? म्हणून मी लिहिलं, "गेल्या नाताळापर्यंत दारूच्या पूर्ण आहारी गेलेले बंधू ज्योतिबा यांनी नाताळच्या रात्री पास्टरांचा उपदेश ऐकून बाटली फोडली." बाटलीसुद्धा माझीच! यांनी वाचलं, म्हणाले, "छान उतरलंय." थोडा मसाला घातला, बिघडलं काय?

३ मार्च, मंगळवार

कळंबोलीहून ज्योतिबाच्या बायकोचा, सगुणाचा फोन, बूथवरून. ज्योतिबाच्या पायावर कंपनीत काहीतरी सांडलं. "बाई, पाय शिजल्यावानी दिसतोय वो." पुढे बोलताच येईना तिला. उद्या सकाळी जायचं.

४ मार्च, बुधवार

पनवेलला दवाखान्यात जाऊन आलो. उजवा पाय घोट्यापासून खाली. मी फार बघितलं नाही. खोटं कशाला, बघवलं नाही.

ज्योतिबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटावर ड्रम धुतो. रिकामे म्हणून आलेले ड्रम. त्यात तळाला कातडी जाळणारं कॉस्टिक होतं, ड्रम कलंडला, सगळं पायावर. पायात काय होतं? स्लिपर! मी विचारलं, गमबूट देत नाहीत? तर म्हणतो, "देत्यात की. चार जोड हायत, आमी नऊ जन. पयला यील त्याला बूट." दिवाळीपासून मागतायत बूट. एवढं होऊन मला हात जोडून "सलाम, बाई" म्हणाला. त्या दुखण्यात!

डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून पायावर लावावी लागेल. नाहीतर पाय असाच आखडणार, उभं राहायचं काम संपलं. कंपनीनं जबाबदारी घेतली तर ऑपरेशन इथेच होईल. घेतील की! त्यांच्याच ड्रममधलं होतं.

८ मार्च, रविवार

उपासनेनंतर रणजीत थांबला होता. रणजीत आमच्या मंडळीचा सेक्रेटरी आणि त्याच कंपनीत पर्सोनेल ऑफिसर. ज्योतिबाला तिथं त्यानंच चिकटवलं. शाळेचा हॉल त्याच्या ओळखीनं, पेटी त्यानं दिलेली. हात सढळ, स्वभाव गरीब, वरच्या साहेबापुढे जरा जास्तच गरीब.

म्हणाला, "टेन्शन घेऊ नका आंटी. एक चौकशी होईल, फॉर्मॅलिटी असते. मग सगळं कंपनी करणार." मी म्हटलं, आणि बूट? तर बुटांच्या नावानं मान खाली. पेटीचं झाकण उघड-बंद करत बसला.

११ मार्च, बुधवार

रणजीत फाइल घेऊन घरी आला. हे बाहेर गेले होते. फाइलमधून काय काढलं त्यानं? आमचं पत्रक! माझं! त्या ओळींखाली लाल पेन्सिलीनं रेघ. म्हणाला, जानेवारीत त्यानंच कौतुकानं मोठ्या साहेबांना नेऊन दाखवलं होतं, आमच्या मंडळीत माणसं कशी सुधारतात बघा म्हणून. आता साहेब म्हणतात, नाताळापर्यंत पूर्ण आहारी गेलेला माणूस दोन महिन्यांत सुधारतो होय? त्या दिवशीही पिऊनच असणार. ड्रम त्यानंच पाडला. मग ऑपरेशन कुठलं आणि काम कुठलं.

"आंटी, छापलेलं आहे. पास्टरांची सही आहे. मी काय बोलणार त्यांच्यापुढे?"

मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे खरं आहे ना?"

आणि मी म्हटलं, "चहा टाकते."

चहा टाकला. आलं किसलं. तो पिऊन गेला. बाई गं, मालती, काय करून बसलीस तू!

१२ मार्च

हे विचारतात, बीपीची गोळी घेतली का. घेतली. दोन घेतल्या.

१५ मार्च, रविवार

यांना सांगितलं. जेवणं झाल्यावर, भांडी घासायच्या आधी, एका दमात. सभेत ज्योतिबा काय बोलला, मी काय लिहिलं, फाइल, लाल रेघ, सगळं.

हे रागावले असते तर बरं झालं असतं. उलट म्हणाले, "सहीच्या आधी मी विचारायला हवं होतं. नाताळच्या रात्री माझ्या उपदेशाला ज्योतिबा नव्हताच. नाइट शिफ्टला होता." म्हणजे यांना माहीत होतं की काहीतरी जमत नाही! पण उपदेशाचं नाव आलं, बरं वाटलं. दोघं सारखेच आम्ही.

मी म्हटलं, उद्याच कंपनीत जाते. हे म्हणाले, "ईस्टर होऊ दे, मालती." ईस्टरला वरिष्ठ कार्यालयाचे पाहुणे येणार आहेत. आमची मंडळी स्वतंत्र म्हणून मान्य करायची की वाशीच्या मंडळीला जोडून टाकायची, ते त्यांच्या अहवालावर. सहा वर्षं या माणसानं पायपीट केली, लोकांच्या हॉलमध्ये दर रविवारी उपासना मांडली आणि आवरली. आणि बायकोनं खोटं छापलं हे आत्ताच कळलं तर? चौकशी १५ एप्रिलला आहे, ईस्टर १२ ला. तीन दिवस हातात राहतात. चालेल. मीच म्हटलं, चालेल.

भांडी घासताना मात्र वाटलं, किती पटकन म्हटलं मी ते.

२१ मार्च

या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरपर्यंतच्या उपासात, मी चहा सोडलाय. सगळ्यांना सांगत फिरते. चहा!

२८ मार्च, शनिवार

आज पाडवा. सोसायटीत गुढ्या. नंदिनीनं श्रीखंड दिलं, ते डब्यात घेऊन कळंबोलीला गेले. ट्रकच्या टायरांच्या दुकानांमागे त्यांची खोली. दवाखान्यातून घरी आणलंय त्याला, कारण कंपनीनं पैसे भरल्याशिवाय तिथं ठेवणार कोण? सगुणा रोज कडुलिंबाचा पाला उकळून पाय धुते. माझ्यादेखत धुतला. तो दातावर दात दाबून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. ती मात्र बोलत होती, कोबी महाग झाला, शेजारणीची सून माहेरी गेली, असलं काहीतरी. त्याचं लक्ष पायावरून काढायला बोलते, हे मला परत येताना बसमध्ये कळलं.

मी ठरवून गेले होते, निदान त्यांना तरी सांगायचं. तोंड उघडलं, "ज्योतिबा, ते पत्रकातलं..."

तर सगुणाच म्हणाली, "वाचलंय की बाई. जानेवारीतच. मीच वाचून दावलं ह्यांना." चौथी शिकलीय ती. ज्योतिबा हसायला लागला. "बाटली फोडली म्हनं! आवो, बाटली फोडायला पैशे कुठं व्हतं तवा? पावशेर पिशवीतनं प्यायचो." आणि दोघं हसत बसली!

मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, "पास्टरांचं नाव व्हतंय तर हुं द्या की. आमास्नी काय त्रास व्हता त्याचा?"

तेव्हा नव्हता. आता आहे. कंपनी तोच कागद पुढे करतेय, हे त्यांना माहीत आहे. रणजीतनं सांगितलंय. तरी एका शब्दानं मला बोल लावला नाही. मी म्हटलं, ईस्टर झाला की मी जाणार, खरं सांगणार. सगुणानं मान हलवली. पण श्रीखंडाचा डबा रिकामा करून देताना विचारलं, "आदी न्हाई का व्हनार?"

मी पाहुण्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मिरवणूक छान झाली. सेक्टरच्या कोपऱ्यापासून हॉलपर्यंत, पुढे बॅनर, मागे झावळ्या. होसान्ना होसान्ना करून घसे बसले. सोसायटीतली पोरं गॅलरीतून बघत होती, कुणाची निवडणूक म्हणून.

यांनी गाढवाचं सांगितलं. राजे घोड्यावर येतात, प्रभू गाढवावर आला, ते पण मागून आणलेल्या. ज्यांच्या घरात गाढवच होतं, त्यांना कळलं हा आपला आहे. मला पटलं. मग मी मिरवणूक आठवली. बॅनर धरून पुढे रणजीत आणि बँकेतले दोघे. सगुणा सगळ्यांच्या मागे, डोक्यावर पाण्याचा हंडा, लोकांना तहान लागेल म्हणून. ज्योतिबा तर येऊच शकला नाही. दरवर्षी झाडावर चढून झावळ्या तोच तोडतो. यंदा विकत आणल्या.

ओरडणं किती सोपं असतं! रविवारी होसान्ना ओरडलेलेच शुक्रवारी ओरडले, फक्त शब्द वेगळे, "वधस्तंभी खिळा!" मी दरवर्षी हे ऐकते आणि दरवर्षी वाटतं, शी, कसली माणसं.

७ एप्रिल, मंगळवार

गुरुवारच्या पाय धुण्याची यादी. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले म्हणून पास्टर बाराजणांचे धुतात. आणि आमच्याकडे त्या बाराचा केवढा मान! कमिटी बसते, नावं सुचवतात, अनुमोदन देतात. दरसाल पहिला रणजीत. मग बँक, मग रेल्वे, मग शाळामास्तर. बाई एकही नाही. आणि गंमत म्हणजे बाराही जण घरून पाय घासून येतात! वजरीनं, साबणानं. गेल्या वर्षी कमिटीतल्या हौसेरावांच्या पायाला पावडरीचा वास होता. धुळीचे पाय धुवायचा विधी, आणि धूळ कुणी आणतच नाही.

मी हट्टच धरला. ज्योतिबाचं नाव घाला, सगुणाचंही घाला. तासभर वाद. हौसेराव म्हणाले, "बाईमाणसाचे पाय पास्टरांनी धरायचे? लोक काय म्हणतील?" शेवटी ज्योतिबा घेतला, सगुणा नाही. मी जिंकल्यासारखी घरी आले. हे म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हणून चाललंय का हे?" अशी कळ आली! कारण खरं होतं.

९ एप्रिल, गुरुवार

काय झालं ते नीट लिहिते.

बारा खुर्च्या. ज्योतिबा शेवटच्या खुर्चीवर. रणजीतनं स्वतः रिक्षा करून आणलं त्याला, उचलून बसवलं. हे परात, तांब्या, टॉवेल घेऊन गुडघ्यावर. अकरा जणांचे गुलाबी पाय झाले. मग ज्योतिबा. उजव्याला पट्टी. यांनी डावा धुतला, पुसला, आणि उजव्यापाशी हात थांबले. ज्योतिबा हळूच म्हणाला, "पास्टर, त्यो सगुना रोज धुती."

हे गुडघ्यावर बसूनच मान वर करून म्हणाले, "सगुणाबाई, पुढे या." यादीत नसताना! हौसेराव खाकरले. मला वाटलं, हा माझा नवरा, बघा!

सगुणा आली. पण खुर्चीवर बसली नाही. पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "पास्टर, माझं पाय नगा धुऊ. ह्यांच्या पायाचं तेवढं करा. कामावर घ्या म्हनून सांगा त्यांस्नी."

रणजीतचे पाय अजून ओले, त्यानं ते खुर्चीखाली ओढून घेतले. यांच्या हातात टॉवेल. आणि मी? मी चौथ्या रांगेत. उठून चार वाक्यं बोलले असते तर काम होतं. मी गीताचं पुस्तक उघडून नंबर शोधायला लागले. कुणीतरी गाणं सुरू करायला हवं होतं, म्हणून मीच सुरू केलं.

१० एप्रिल, गुड फ्रायडे

बारा ते तीन. वधस्तंभावरची सात वचनं, सात माणसं बोलतात. माझ्या वाट्याला पाचवं, तहानेचं. दहा मिनिटं बोलले. ज्यानं सगळ्यांना पाणी पाजलं त्याला शेवटी कुणी साधं पाणी दिलं नाही, आंब दिली, आंबट झालेला द्राक्षारस, असं. तळोज्याच्या उन्हात ड्रम धुणाऱ्यांचंही बोलले. बूट, चार जोड, नऊ माणसं. बायका रडल्या. रणजीतनं डोळे पुसले. बाहेर पडताना चारचौघांनी हात धरून सांगितलं, "बाई, किती सुंदर बोललात!"

व्यासपीठ माझं होतं. दहा मिनिटं माझी होती. सगळ्या जगाचं बोलले, एक माझं सोडून.

आजवर या दिवशी मला प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचा राग यायचा, घाबरलेल्या पेत्राची कीव यायची. आज दुसऱ्याच माणसांपाशी अडकले. प्रभूच्या त्या रात्रीच्या चौकशीत खोटे साक्षीदार आले होते. त्यांची नावंसुद्धा कुणाला माहीत नाहीत. त्यांनी तरी काय केलं? अगदीच नसलेलं नाही सांगितलं. तो बोलला होता त्यातलेच चार शब्द इकडचे तिकडे केले. थोडा मसाला. घरी जाऊन जेवले असतील आणि झोपले असतील.

प्रभूला ओळखतोस का, विचारल्यावर पेत्र तीनदा "नाही" म्हणाला, मग बाहेर जाऊन रडला. मी एकदाही "नाही" म्हटलेलं नाही. "चहा टाकते" म्हटलं, "ईस्टर झाला की" म्हटलं, आणि गाणं म्हटलं.

११ एप्रिल, शनिवार

आज काहीच नसतं. प्रभू थडग्यात असतो तो दिवस. हॉल धुतला, फुलं लावली. रणजीत आला नाही मदतीला, सुट्टी असून कंपनीत बोलावलंय म्हणे. हे उपदेश लिहितायत. आज काही विचारू नको म्हणाले, नाही विचारलं.

१२ एप्रिल, ईस्टर

झालं! बोलले मी! बोलले!

पहाटेची उपासना, हॉल भरलेला, पाहुणे पहिल्या रांगेत. भला माणूस, पांढरी दाढी, आवाज मऊ. बोलायला उठले तेव्हा खिशातून आमचं पत्रक काढलं. मला वाटलं आता जमीन फाटेल तर बरं. म्हणाले, पुनरुत्थान काय असतं ते या मंडळीनं नाताळलाच पाहिलंय, कुठायत बंधू ज्योतिबा, उभे राहा! आणि ज्योतिबा उठायला लागला. काठीवर भार देऊन, सगुणाच्या खांद्याला धरून, त्या पायावर! माझ्या खोट्यासाठी उभा राहत होता तो!

मी कशी उठले मला आठवत नाही. "बसा ज्योतिबा," एवढं मोठ्यानं म्हटलं. मग सगळं सांगितलं. दारू चार वर्षांपूर्वी सुटली, साताऱ्यात, भावाच्या तिरडीपाशी. नाताळच्या रात्री हा माणूस कामावर होता. बाटली मी फोडली, कागदावर. आणि त्या कागदावरून याचा पाय जातोय. हे खोटं माझं आहे, याच्या अंगावर घालू नका. कंपनीत येऊन मी हेच सांगणार आहे, लेखी देणार आहे.

पाहुण्यांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. हे उठून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "सही माझी आहे," म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात या माणसाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. मंडळी राहो नाहीतर वाशीला जोडोत! हौसेरावसुद्धा येऊन हात मिळवून गेले. रणजीतनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. लाज वाटली असणार. सगुणा हुंदके देऊन रडत होती, केक न खाताच ज्योतिबाला घेऊन निघून गेली. मन भरून आलं असेल बिचारीचं.

आज मी दोन कप चहा घेतला. किती हलकं वाटतंय! पुनरुत्थान म्हणजे काय ते मला आज पन्नाशी उलटल्यावर कळलं. बुधवारी चौकशी. बुधवारी जायचं.

१३ एप्रिल, सोमवार

सगुणा येऊन गेली. चौकशी झालीये. शनिवारीच झाली, अधिकारी आधी आले म्हणून कंपनीनं गाडी पाठवून ज्योतिबाला उचलून नेलं. पत्रक वाचून दाखवलं, विचारलं, हे खरं का. तो म्हणाला, "खरं हाय. पाळकीनबाईंनी लिवलंय." आणि सही केली. ईस्टरच्या आदल्या दिवशी बाई खोट्या पडू नयेत, म्हणून.

आता मी कंपनीत खरं सांगितलं, तर खोटी साक्ष त्यानं दिली असं ठरणार. कामावरून काढायला ते कारण पुरेल, आणि न सांगितलं तर पाय त्याच्या स्वतःच्या सहीनं गेलाच.

मी तिचे हात धरले. ती रागावली नाही. पायरीवर चप्पल घालता घालता एवढंच म्हणाली, "शुक्रवारी बोलायचं व्हतं, बाई."